फरक थोडाच होता

थोरलीला पावलं मोजायची खोड होती. बसस्टॉपपासून घराच्या दारापर्यंत दोनशे अठरा, ओट्यापासून गॅलरीपर्यंत अकरा, दवाखान्यात बाकड्यापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत सहा. समोरचा माणूस जीव तोडून काही सांगत असायचा आणि हिचे ओठ बारीक हलत असायचे. बरोबर खेळणाऱ्या बायकांनी तिचं नाव ‘टेप’ ठेवलं होतं, शिंप्याच्या गळ्यात असते ती टेप. तिला राग यायचा नाही. अकरा वर्षं गोल्फ खेळून पोट भरलेल्या बाईने अंतर मोजायचं नाही तर काय मोजायचं, असं ती म्हणायची.

तिचे वडीलही त्याच मैदानावरचे, पण खेळणारे नव्हेत. ते गवत कापायचे. उजाडताना दव झाडायचं, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर, हलक्या हाताने यंत्र फिरवायचं, कालचं भोक बुजवून आजचं नवीन पाडायचं, असं त्यांचं काम. यंत्रांच्या शेडमागे दोन खोल्यांचं घर मिळालेलं. सभासदांनी टाकून दिलेले मोडके क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, त्यांनी करवतीने आखूड केले आणि दोन पोरींच्या हातात दिले, तेव्हा थोरली आठ वर्षांची होती आणि धाकटी चार. संध्याकाळी सभासद चहा प्यायला आत गेले की दोघी कुंपणाकडच्या शेवटच्या दोन होलांवर उतरायच्या. होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून झेंड्याच्या भोकापर्यंतचा पट्टा.

धाकटीचा प्रश्न ठरलेला. “ताई, कितीची घेऊ?”

थोरली झेंड्याकडे बघायची, चिमूटभर गवत उडवून वारा बघायची आणि मोठ्या माणसासारखा आव आणून सांगायची, “आठ घे. पण पूर्ण फिरव, घाबरू नकोस.” क्लबाचा नंबर जेवढा लहान तेवढा चेंडू लांब जातो. आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं. धाकटीला खेळायला थोरलीने शिकवलं, हे त्या मैदानावरच्या झाडूवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पुढे धाकटीच्या मुलाखती छापून यायला लागल्या, तेव्हा तेवढंच नेमकं छापायचं राहून जायचं.

धाकटी पंधराची असताना एक संध्याकाळ अशी आली की तिने विचारलंच नाही. सरळ क्लब काढला, मारला, आणि चेंडू भोकाजवळ जाऊन बसला. थोरलीच्या तोंडात उत्तर तयार होतं. ते तिने गिळलं आणि म्हणाली, “छान.” त्या दिवसानंतर धाकटीने परत कधी विचारलं नाही. त्यात तिचा उर्मटपणा नव्हता हो. तिला दिसायला लागलं होतं, एवढंच. ज्याला दिसतं तो कशाला विचारील?

दोघी व्यावसायिक झाल्या. वर्षाला चौदा स्पर्धा, सव्वाशे बायका, आणि वर्षअखेर एक यादी. यादीतल्या पहिल्या साठ जणींना पुढच्या वर्षी खेळायचा हक्क राहायचा, बाकीच्यांनी जानेवारीत पुन्हा परीक्षा द्यायची. धाकटी यादीच्या डोक्यावर असायची, पहिली नाहीतर दुसरी. थोरली अकरा वर्षं चाळीस ते साठच्या मध्ये मुक्कामाला होती. एकदा एक्केचाळिसावी आली त्या वर्षी वडिलांनी शेडमधल्या सगळ्यांना पेढ्यांऐवजी बिस्किटांचे पुडे वाटले, कारण पेढे आणायला वेळच राहिला नव्हता, इतकी त्यांना घाई झाली होती.

लोकांना वाटतं की यादीतली पहिली आणि साठावी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असणार. तसं अजिबात नसतं. सरावाच्या मैदानावर दोघींना पाठमोरं उभं करा आणि दहा फटके बघा, तुम्हाला कोण कोण ते ओळखता येणार नाही. शंभर बघितलेत तर थोडा संशय येईल. हजार बघितलेत तर मात्र मन उदास होईल, कारण मग कळतं की फरक आहे, आणि तो रोजचा आहे.

थोरलीने तो मोजला होता. मागच्या हिवाळ्यात धाकटीची बॅग उचलणारी बाई आजारी पडली, म्हणून एक आठवडा थोरलीने बहिणीची बॅग वाहिली आणि प्रत्येक फटक्यानंतर चेंडू भोकापासून किती पावलांवर थांबला ते वहीत लिहिलं. साधारण सव्वाशे-दीडशे मीटरवरून तिचा स्वतःचा चेंडू सरासरी दहा पावलांवर थांबायचा. धाकटीचा सात पावलांवर. आता कोणी दुसरी असती तर वही मिटून रडली असती. थोरलीला आनंद झाला! तीनच पावलं? तीन पावलं म्हणजे काय, खाटेपासून खिडकीपर्यंत! तिने अख्खा हिवाळा घाम गाळला. बोटांच्या चिरांत मेण भरलं, रोज चारशे चेंडू मारले, भाड्याच्या खोलीत गादी उभी करून तिच्यावर चेंडू आपटले, इतके की खालचे भाडेकरू वर भांडायला आले. वसंतात पुन्हा मोजलं तर तिची सरासरी साडेनऊवर आली होती. धाकटीची, कोणताही खास उपद्व्याप न करता, साडेसहावर.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. ती नशीब म्हणायची. पट, म्हणजे ग्रीनवरून भोकाकडे ढकलायचे फटके, आत गेले नाहीत म्हणायची. शेवटचे चार-पाच फुटांचे फटके एखाद्या वर्षी पडतात, एखाद्या वर्षी नाही पडत, त्याला कोण काय करणार! मनातून ती अजूनही धरून होती की दोघींची नजर एकच आहे, बाकी सगळा दैवाचा खेळ आहे. माणूस कशाच्या तरी आधाराने दिवस ढकलतो. थोरलीचा आधार हा होता.

तर वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेला ती यादीत त्रेसष्टावी होती. सरळ गोष्ट होती. पहिल्या दोन दिवसांनंतर निम्म्या बायका गळतात, त्याला कट म्हणतात. कटमधून पार झाली तर साठात येणार, नाहीतर नाही. आणि सोडतीत तिचा गट निघाला तो धाकटीबरोबर. तिसरी एक उंच, अबोल खेळाडू होती, तिला सगळ्या ‘निलगिरी’ म्हणायच्या.

वडील आता निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते, तरी स्पर्धेला यायचे. ह्या वेळी फोनवर म्हणाले, “दोघी एकाच गटात? मग मी येत नाही बाबा. बघू कोणाकडे?”

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या म्हणायला लागल्या की कट दोन दिवसांचे मिळून एकशे शेहेचाळीस फटक्यांवर लागणार. थोरलीने मनात आकडा धरला. सोळाव्या होलवरून निघताना तिला कळून चुकलं होतं की उरलेल्या दोन होलांवर नेहमीचे तीन आणि चार फटके लागले, तर बरोबर एकशे शेहेचाळीस होतात. एकही जास्त चालणार नाही. तिच्या बॅगेची गाडी ती स्वतःच ओढत होती आणि गाडीचं एक चाक सकाळपासून कुरकुरत होतं. सोळा होल तिला ते ऐकू आलं नव्हतं. आता सारखं ऐकू यायला लागलं.

सतरावं होल एकशे अडतीस मीटरचं. एका फटक्यात ग्रीनवर जायचं, दोन पट, संपलं. ग्रीनच्या अलीकडे वाळूचा खोल खड्डा, पलीकडे उंच झाडं. खाली जमिनीवर वाऱ्याचा मागमूस नव्हता. धाकटी पहिली मारणार होती. तिने मारलं, चेंडू झेंड्याच्या डाव्या अंगाला अलगद उतरला. थोरलीने तिच्या हातातल्या क्लबकडे बघितलं नाही. बघितल्याचा तिला उपयोगही नव्हता. धाकटीचा आठ नंबर थोरलीच्या सातपेक्षा लांब जायचा, उगाच डोक्यात गोंधळ. निलगिरीनेही मारलं. मग थोरलीने गवत उडवलं. गवत सरळ पायाशी पडलं. तिने सात नंबरचा क्लब काढला.

आणि मागून हळू, अगदी घरात बोलावं तसा आवाज आला. “ताई, सहा घे. वर वारा आहे.”

गोल्फमध्ये खेळाडूने खेळाडूला सल्ला द्यायचा नसतो. कोणता क्लब घे हे सांगणं म्हणजे चक्क गुन्हा. न मागता ऐकणाऱ्यावर त्याचं काही येत नाही, पण सांगणाऱ्याला दोन फटक्यांचा दंड. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं आणि धाकटीला तर झोपेतून उठवून विचारलं तरी कलमासकट सांगता आलं असतं. पण ती त्या क्षणी स्पर्धेत नव्हतीच. ती कुंपणाकडच्या होलवर ताईशेजारी उभी होती. बोलून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. निलगिरी खाली गवताकडे बघत राहिली. मग धाकटी हात खाली घेऊन स्पष्ट म्हणाली, “मी बोलले. माझे दोन.”

निलगिरीने मान हलवली. झालं ते झालं.

आता थोरली एकटी उभी राहिली. ऐकलेलं कानातून बाहेर काढता येत नाही. तिने झाडांच्या शेंड्यांकडे बघितलं. पानं हलत होती, नाही असं नाही. पण तेवढ्याने चेंडू किती मागे येईल? तिला सात दिसत होता. खूप निरखून बघितलं तरी सातच दिसत होता. सहा घेतला आणि चेंडू भोकाजवळ गेला तर कट पार होणार, पुढचं वर्ष हातात येणार, आणि कोणी एक शब्द बोलू शकणार नाही, कारण नियमाने तिचा काहीच दोष नव्हता. फक्त तो फटका तिचा नसता. तिच्या हातातून गेलेला, पण बहिणीच्या डोळ्यांनी बघितलेला.

नंतर पुष्कळ जणी म्हणाल्या की ताठा नडला. थोडा होताच, कशाला खोटं बोला. लहान बहिणीने सांगावं आणि मोठीने मुकाट ऐकावं, हे कोणाच्या घशाखाली सहज उतरतं? पण ताठ्यापेक्षा तिच्या पोटात दुसरंच काही होतं. अकरा वर्षं ती ज्याला नशीब म्हणत आली ते खरंच नशीब आहे का, हे कळायची अशी संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती. एकच जागा, एकच वारा, एकीला सहा दिसतो आणि एकीला सात. आता चेंडूनेच सांगावं.

तिने सात नंबर मारला.

आणि काय मारला! हाताला जाणवलासुद्धा नाही, इतका स्वच्छ लागला. त्या दोन दिवसांतला तिचा सगळ्यात चांगला फटका तो. चेंडू सरळ झेंड्याच्या रोखाने वर गेला, उंच गेला, झाडांच्या शेंड्यांच्या बरोबरीला आला आणि तिथे कोणीतरी मागून सदरा ओढावा तसा अडखळला. खाली आला तो ग्रीनच्या कडेला लागून मागे घरंगळला, थेट वाळूत.

चुकून वाईट लागला असता तर बरं झालं असतं. मग म्हणता आलं असतं की हात हलला, पाय सरकला, चाक कुरकुरलं. तिच्याजवळ सांगायला काहीच उरलं नाही. तिने वाळूतून चेंडू बरा काढला, पण पट भोकाच्या काठावर थांबला, चार झाले. अठराव्यावर तिने नेहमीचे चार केले. एकशे सत्तेचाळीस.

तंबूत तिघी टेबलाशी बसल्या आणि एकमेकींची कार्डं तपासली. सतराव्यासमोर धाकटीने आपल्या आकड्यात दोन मिळवून घेतले आणि पंच बाईंना काय घडलं ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा थोरलीकडे, एकदा धाकटीकडे बघितलं आणि सही घेतली. दोन फटके घालवून धाकटी पहिल्यावरून तिसरी झाली. तिसरी! तिला दोन फटके म्हणजे आमटीत मीठ कमी पडल्यासारखं, आणि थोरलीचं एका फटक्यात ताटच उचललं गेलं. कट एकशे शेहेचाळीसवरच लागला.

कपडे बदलायच्या खोलीत थोरली बुटांच्या तळाचं गवत काडीने काढत बसली होती. धाकटी आत आली आणि दार लोटून तिच्यापुढे उभी राहिली.

“सातच मारलास?”

“हो.”

“मी सांगितलं होतं ना तुला!”

“सांगितलंस की.”

“मग? मी तिथे दोन फटके घालवले तुझ्यापायी, आणि तू...” तिचा आवाज चिरकला. “कसला गं हट्ट हा? लहानपणापासून असाच!”

“हट्ट नाही. मला बघायचं होतं.”

“काय बघायचं होतं?”

“माझा कुठे पडतो ते.”

धाकटी बाकावर बसली. जिंकल्यावर नाही, हरल्यावर नाही, हात मोडला होता तेव्हाही नाही, कधीच न रडलेली ही मुलगी आता ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. थोरलीने बूट खाली ठेवला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“मी बोलायलाच नको होतं,” धाकटी म्हणाली.

“नकोच होतं. पण तुझ्या जागी मी असते तर मीही बोलले असते. वेडे, तुझी सवय नाही ती, माझीच. मीच लावली.”

“जानेवारीत परीक्षा दे परत. तू सहज पास होशील.”

“होईन ना,” थोरली म्हणाली. “तेच तर दुखणं आहे. पास होईन, मग त्रेपन्नावी येईन, मग अठ्ठावन्नावी. तू माझ्यापेक्षा थोडीच चांगली आहेस असं मी धरून चालले होते. थोडीच आहेस, त्यात माझं चुकलं नाही. पण ते थोडं मला ह्या जन्मात येणार नाही. आज डोळ्यांनी बघितलं. आता पुसलं जायचं नाही ते. उठ, तोंड धू, उद्या खेळायचंय तुला.”

वडिलांना तिने बाहेर येऊन फोन केला. “बाबा, मी थांबते आता.” ते म्हणाले, “बरं. जेवलीस का?” ती हो म्हणाली. जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपलं कपाट रिकामं करायला आली आणि काम झाल्यावर घरी जायच्या ऐवजी तिसऱ्या होलकडे चालत गेली, कारण धाकटी आता तिथे पोचत असणार. दोरीपाशी आल्यावर पाय आपोआप वाकले आणि ती खालून आत शिरली. दंडाला पट्टी बांधलेला एक वयस्क स्वयंसेवक लगबगीने आला. “ओ बाई, दोरीच्या बाहेर! आत फक्त खेळाडू.”

“चुकलं,” असं म्हणून ती परत बाहेर आली आणि बघ्यांमध्ये उभी राहिली. अकरा वर्षांत ह्या बाजूने तिने मैदान कधी बघितलं नव्हतं. इथून ते पुष्कळ सपाट दिसत होतं.

धाकटीचा चेंडू उतारावरच्या ओल्या, दाट गवतात रुतला होता. तिने एकदाच बघितलं, क्लब काढला आणि मारला. चेंडू ग्रीनवर पडून भोकापासून बराच लांब थांबला. लोकांनी दोन-चार टाळ्या वाजवल्या, त्याही शिष्टाचार म्हणून. थोरलीच्या तोंडून मात्र “अगं आई गं!” असं निघून गेलं.

शेजारी उन्हाची टोपी घातलेली एक बाई उभी होती, नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच खेळ बघायला आलेली. तिने विचारलं, “काय झालं हो? लांबच राहिला की.”

“लांब नाही राहिला,” थोरली म्हणाली. “तिथेच टाकायचा होता. भोकाच्या अलीकडे उतार आहे, तिथे पडला असता तर घरंगळत तळ्यात गेला असता. पलीकडे पडला असता तर परतीचा पट थांबवताच आला नसता. एक टेबलाएवढी जागा आहे सपाट, बघा, चेंडू आहे तिथे. ओल्या गवतातून, एक पाय वर एक पाय खाली ठेवून, तिने चेंडू त्या टेबलावर ठेवला. इथे जमलेल्यांपैकी कोणाला जमणार नाही ते. काल गळालेल्या साठ जणींपैकी पण नाही.”

तिला फार वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी ही आपली बहीण आहे, हिच्या हातात पहिला क्लब आपण नीट धरायला लावला, याचा अभिमानही तितकाच वाटत होता. आसपासचे तीन-चार जण तिचं बोलणं ऐकायला जवळ सरकले होते. धाकटीने तो पट सहज जवळ नेऊन ठेवला, पुढच्याने भोकात टाकला आणि मान खाली घालून चौथ्याकडे निघाली. आता लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण आता त्यांना काय बघितलं ते माहीत होतं.

टोपीवाली बाई कौतुकाने म्हणाली, “तुम्हाला बरंच कळतं हो यातलं. खेळता का तुम्ही?”

“खेळायचे.”

“अगं बाई! कधीपर्यंत?”

थोरली पाठमोऱ्या धाकटीकडे बघत होती.

“कालपर्यंत,” ती म्हणाली.